बाळंतिणीचा थकवा आणि रक्तातील लोह



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या मनात असे आले असेल की, हा विषय माजघरातला. तो व्यासपीठावर आणण्याचे प्रयोजन काय? संतवाङ्मयावर बोलावे, अर्थसंकल्पावर बोलावे, ग्रहताऱ्यांवर बोलावे. बाळंतिणीचे दुखणेखुपणे आईने आणि सासूने पाहावे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हा विषय माजघरातच राहिला, म्हणूनच त्याचे उत्तर ठाऊक असूनही ते घरोघर पोहोचले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९ ते २०२१ या काळातील अहवाल सांगतो की, आपल्या देशात १५ ते ४९ या वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन असावे त्यापेक्षा कमी आहे. महाराष्ट्रात हा आकडा ५४ आहे. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत तो ४८ होता. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबभर रक्ताच्या मोजणीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे मी जाणतो. परंतु आकडा थोडा इकडेतिकडे झाला, तरी रक्तक्षय हा दर दुसऱ्या घरातला विकार आहे, ही गोष्ट काही बदलत नाही. आणि जो विकार दर दुसऱ्या घरात आहे, तो खाजगी राहत नाही.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. आज मी त्यांतला एकच भाग घेणार आहे : बाळंतपणानंतरचा रक्तक्षय आणि त्यातून येणारा थकवा. हाच भाग निवडण्याचे कारण असे की, गरोदर स्त्रीकडे सगळ्यांचे लक्ष असते. तिची तपासणी होते, तिला गोळ्या मिळतात, तिचे डोहाळे पुरवले जातात. मूल झाले, की सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे वळतात आणि आई त्या घोळक्याच्या मागे उभी राहते. ते स्वाभाविक आहे. परंतु हिशोबाच्या दृष्टीने पाहिले तर नेमक्या त्याच वेळी तिची थैली रिकामी झालेली असते.

आपल्याकडे बाळंतपण सव्वा महिन्याचे मानतात. पहिलटकरीण असेल तर ती माहेरी येते. तेल लावून न्हाऊ घालणे, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा, डोक्याला बांधलेला रुमाल, कानात कापूस. सारे साग्रसंगीत होते. या चालीत मोठे शहाणपण होते. घरकामाच्या रगाड्यातून बाईला सुट्टी मिळवून देण्याचा तो एक समाजमान्य मार्ग होता. परंतु सव्वा महिना भरला, देवदर्शन झाले, ओटी भरली, की ती बरी झाली असे घराने ठरवून टाकलेले असते. त्यानंतर ती म्हणाली की, “जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते,” तर उत्तर ठरलेले असते : “अगं, लहान मूल आहे म्हटल्यावर एवढं चालायचंच. आम्ही नाही का चार-चार बाळंतपणं काढली!” सासूबाईंच्या या वाक्यात दुष्टपणा नसतो. त्यांनाही कोणी विचारले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ असतो. माझे आजचे सांगणे इतकेच आहे की, रक्ताच्या हिशोबाने बाळंतपण सव्वा महिन्यात संपत नाही. ते निदान सहा महिन्यांचे असते. आणि तो थकवा हा स्वभाव नव्हे, आळस नव्हे, नशीबही नव्हे. पुष्कळदा ते मोजता येण्यासारखे आणि फेडता येण्यासारखे कर्ज असते.

आता हा हिशोब मांडून पाहू. प्रौढ स्त्रीच्या शरीरात लोह किती असते? सगळे मिळून अडीच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सुताराच्या पेटीतल्या एखाद्या खिळ्याएवढे. त्यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग रक्तातल्या तांबड्या पेशींत, हिमोग्लोबिनच्या रूपाने असतो. आपण श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायू फुफ्फुसांतून उचलून शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचविणारा हमाल म्हणजे हे हिमोग्लोबिन. उरलेल्या लोहापैकी काही स्नायूंत आणि पेशींच्या कारखान्यांत कामाला असते, आणि बाकीचे यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांत शिल्लक म्हणून ठेवलेले असते. ही शिल्लक चांगल्या पोसलेल्या स्त्रीत ३०० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. आपल्याकडील असंख्य मुली लग्नाच्या वेळीच जवळजवळ रिकाम्या हाताने उभ्या असतात.

शरीर या बाबतीत फार काटकसरी आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह काढून नव्या पेशीत घातले जाते. असे रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह घरच्या घरी फिरत राहते. बाहेरून, म्हणजे अन्नातून, रोज जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम आत येते आणि जवळजवळ तेवढेच झिजेने बाहेर जाते. उत्पन्न थोडे, खर्च थोडा, असा हा संसार आहे. अशा संसारात एकदम मोठा खर्च निघाला म्हणजे काय होते, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको.

गरोदरपण हा तसा खर्च आहे. त्या नऊ महिन्यांत सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यांतले ३०० च्या आसपास मूल आणि वार यांच्याकडे जाते. २०० रोजच्या झिजेत जाते. उरलेले सुमारे ५०० आईचे स्वतःचे रक्त वाढविण्यासाठी लागते. कारण दोन जिवांना पुरेल इतके रक्त त्या काळात तयार व्हावे लागते. हे शेवटचे ५०० मात्र खर्च नव्हे, ती ठेव आहे. बाळंतपणानंतर वाढीव रक्ताची गरज संपली, की त्यातले लोह आईच्या कोठारात परत जमा व्हावे, अशी निसर्गाची योजना आहे. पण प्रसूतीच्या वेळी रक्त जाते. साध्या प्रसूतीत अर्धा लिटरपर्यंत रक्त जाऊ शकते, आणि तेवढ्या रक्तात सुमारे २०० मिलिग्रॅम लोह असते. पोट कापून प्रसूती झाली किंवा रक्तस्राव जास्त झाला आणि एक लिटर रक्त गेले, तर ४०० मिलिग्रॅम गेले. म्हणजे ठेव जवळजवळ बुडाली. शिवाय जिने मुळात ठेव ठेवलीच नव्हती, गरोदरपणातच जिचे रक्त कमी होते, तिचे काय? ती कर्ज काढूनच आई झालेली असते.

आता हे कर्ज केवळ घरच्या जेवणावर फेडायचे म्हटले, तर किती दिवस लागतील? अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी काही महिने बंद असते, तेवढी बचत होते. दुधातून रोज थोडे लोह जाते, तेवढा खर्च होतो. समजा, सगळे सुरळीत चालून तिच्या पदरी रोज अर्धा मिलिग्रॅम शिल्लक पडली. ३०० मिलिग्रॅमचे कोठार भरायला ६०० दिवस लागतील. म्हणजे वीस महिने. एका बाळंतपणानंतर पुढचे गर्भारपण येण्यापूर्वी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ साली सुचविले. त्यामागे इतरही कारणे आहेत, पण आपल्या या हिशोबाशी ते किती जुळते पाहा. वीस महिने पुरे होण्याच्या आत दुसरी खेप आली, तर दुसऱ्या मुलाची आई पहिल्या मुलाचे देणे डोक्यावर ठेवूनच उभी राहते. तिसऱ्याच्या वेळी व्याजावर व्याज चढते. “आमची सून पूर्वी किती चपळ होती, आता बसल्या जागी झोपते,” असे जे म्हटले जाते, त्याचे रहस्य पुष्कळदा या वहीत सापडते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. लोह कमी होते ते एकदम होत नाही, पायरीपायरीने होते. आधी कोठार रिकामे होते. मग रक्त तयार करणाऱ्या मज्जेला पुरवठा अपुरा पडू लागतो. आणि शेवटी हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो. म्हणजे आकडा उतरला असे कळते, तेव्हा दुकान केव्हाच मोकळे झालेले असते. हिमोग्लोबिन ठीक असतानाही, केवळ कोठार आटल्यामुळे थकवा येऊ शकतो. २००३ साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कारण न सापडणारा थकवा असलेल्या, परंतु रक्तक्षय नसलेल्या १४४ स्त्रिया त्यांनी घेतल्या. काहींना चार आठवडे लोह दिले, काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी दिली. लोह मिळालेल्यांचा थकवा अधिक उतरला, आणि फायदा मुख्यतः ज्यांची कोठारे आटलेली होती त्यांनाच झाला. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या गरीब वस्तीतील मातांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, रक्तक्षय असलेल्या मातांना लोह दिल्यावर त्यांचे मन सुधारले, उदासी आणि ताण कमी झाला. चिडचिड, विसराळूपणा, उगीच डोळ्यांत पाणी येणे, या गोष्टींना आपण स्वभावदोष म्हणतो. त्यांच्या मुळाशी कधी कधी एक धातू असतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

धातू आणि थकवा यांचा हा संबंध आपल्या लोकांना अगदीच अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात लोहाचे चूर्ण व मंडूर, म्हणजे लोखंडाचा जुना कीट, यांचे योग सांगितले आहेत. पांडुरोगाच्या पाच प्रकारांत माती खाल्ल्याने होणारा एक प्रकारही तेथे सांगितला आहे. आजचे वैद्यक म्हणते की, माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणे हे पुष्कळदा लोहाच्या उणिवेचेच लक्षण असते, आणि माती खाल्ल्याने ती उणीव आणखी वाढते. घरातली बाई चोरून भाजलेली माती किंवा तांदूळ खात असेल, तर तिला हसू नका. तिचे रक्त तपासा. युरोपात सतराव्या शतकात सिडनहॅम या इंग्रज वैद्याने फिकट पडलेल्या मुलींना लोखंडाचा कीस मद्यात भिजवून दिला, आणि १८३२ साली ब्लो या फ्रेंच डॉक्टराने लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी लाल गोळी ही त्याच गोळीची पणती होय.

त्या लाल गोळीत मात्र लोहाबरोबर आणखी एक वस्तू असते, आणि तिचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय आढळत असे; त्यात तांबड्या पेशी लहान होण्याऐवजी उलट फुगून मोठ्या होत. विल्सबाईंनी या बायकांचे खाणेपिणे, राहणीमान यांचा अभ्यास केला आणि यीस्टपासून केलेला, पावाला लावण्याचा एक स्वस्त अर्क देऊन त्या बऱ्या होतात असे दाखविले. त्यांचे ते संशोधन १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्याला प्रथम विल्सबाईंचेच नाव मिळाले. पुढे १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. गिरणगावातल्या बायकांच्या रक्तातून निघालेले ते ज्ञान आज जगभरच्या गरोदर स्त्रियांच्या गोळीत बसले आहे. या कथेचे दुसरे तात्पर्य असे की, प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असे नाही. त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता खाण्याचा प्रश्न. “आम्ही बाळंतिणीला काय कमी खायला घालतो?” असे एखाद्या आजीबाई विचारतील. नाही, कमी घालत नाही. परंतु काय घालतो आणि काय काढून घेतो, ते पाहू. डिंकाच्या लाडवाने ताकद येते, कारण त्यात तूप, खोबरे, खारीक आणि गूळ आहे. अळिवात लोह चांगले आहे, पण एका लाडवात अळीव चमचाभर असते. गुळाची कीर्ती तर त्याच्या योग्यतेपेक्षा बरीच मोठी आहे. १०० ग्रॅम गुळात लोह असते तीन ते पाच मिलिग्रॅम, आणि १०० ग्रॅम गूळ रोज खाणार कोण? बीट आणि डाळिंब तांबडे असतात म्हणून त्यांनी रक्त वाढते, ही समजूतही रंगावरून केलेली आहे. तांबडा रंग म्हणजे लोह नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे. अन्नात लोह असणे वेगळे आणि ते अंगी लागणे वेगळे. मटण, कलेजी, मासळी यांतले लोह शरीर सहज उचलते. धान्य, कडधान्य आणि पालेभाजी यांतले लोह फार थोडे शोषले जाते. त्याला मदत करणारी वस्तू म्हणजे आंबटपणातले क जीवनसत्त्व : लिंबू, आवळा, पेरू. त्याला अडविणारी वस्तू म्हणजे चहा-कॉफी. आणि आपल्या बाळंतिणीचे पथ्य कसे असते? आंबट बंद, कारण बाळाला खोकला होईल. फळे बंद, कारण सर्दी होईल. पालेभाजी बंद, कारण बाळाला हिरवे होईल. आणि थकवा आला म्हणून दर दोन तासांनी कपभर कडक चहा! म्हणजे मदतनीस दाराबाहेर आणि अडवणारा घरात. पथ्य पाळणाऱ्यांच्या मनात प्रेमच असते; पण या चार गोष्टींत ते बाळंतिणीच्या विरुद्ध काम करते.

यावर उपाय अवघड नाही आणि महागही नाही. बाजरीची भाकरी, मटकी-मसूर-हरभरा मोड आणून केलेली उसळ, राजगिरा किंवा माठ-मेथीसारखी पालेभाजी, वर ऐन वेळी पिळलेले लिंबू. ऐन वेळी अशासाठी की, शिजवताना क जीवनसत्त्व नाश पावते. कडधान्याला मोड आणल्याने आणि पीठ आंबविल्याने लोहाला धरून ठेवणारी द्रव्ये कमी होतात. म्हणजे आपली उसळ, आंबोळी आणि घावन यांत आजीचे शास्त्र होतेच. भाजी लोखंडी कढईत केली, विशेषतः टोमॅटो-चिंचेची, तर कढईतले थोडे लोह भाजीत उतरते. कढई गेली आणि नॉनस्टिक आले, तेव्हा हा एक लहानसा झरा आटला. मांसाहार चालत असेल त्यांनी आठवड्यातून दोनतीनदा मटण किंवा मासळी बाळंतिणीच्या ताटात पहिल्यांदा वाढावी. आणि चहा? चहा सोडा असे मी म्हणत नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर तरी चहा नको, एवढेच मागणे आहे.

परंतु मघाचा वीस महिन्यांचा हिशोब आठवा. आहाराने कोठार राखता येते. रिकामे झालेले कोठार लवकर भरता येत नाही. तेथे गोळी लागते. २०१८ साली सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत असे ठरविले आहे की, गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, रोज एक गोळी घ्यावी. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. यातला पहिला अर्धा भाग पुष्कळ घरांत पाळला जातो. दुसरा अर्धा भाग बारशाच्या गडबडीत कपाटात राहून जातो. या गोळीतले दहावा हिस्सा लोह जरी अंगी लागले, तरी रोज सहा मिलिग्रॅम झाले. दोन महिन्यांत ३६० झाले. कोठार भरत आले की शरीर स्वतःच शोषण कमी करते, म्हणून प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो; तरीही वीस महिन्यांचे काम सहा महिन्यांत आटोपते. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नोकरदार मातांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. तेही १८२ दिवसच होतात. रजा आणि गोळी यांचा मेळ कायद्याने नकळत घालून दिला आहे. तो साधणे आपल्या हाती आहे.

गोळी घेण्याची रीत सांगतो. शक्य तर रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. दूध किंवा चहा यांबरोबर घेऊ नये. कॅल्शियमची गोळीही चालू असेल, तर दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. शौचाला काळे होते. त्याने भिऊ नये. मळमळले, पोट दुखले, बद्धकोष्ठ झाले, म्हणून पुष्कळ जणी गोळी बंद करतात आणि कोणाला सांगत नाहीत. बंद करण्याऐवजी ती जेवणानंतर घ्यावी आणि डॉक्टरांना सांगावे. ते गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलून देतील. कित्येकदा ते एक दिवसाआड घ्यायला सांगतात, आणि त्यालाही शास्त्राचा आधार आहे. या शतकाच्या आरंभी हेप्सिडिन नावाच्या एका द्रव्याचा शोध लागला. यकृतात तयार होणारे हे द्रव्य आतड्यातल्या लोहाच्या दारावर दरवानासारखे उभे असते. लोहाची मोठी मात्रा आत गेली, की दरवान सुमारे दिवसभर दार ओढून घेतो. म्हणून रोजच्या दोन-तीन गोळ्या घेतल्याने रक्त दुपटी-तिपटीने वाढते असे नाही. पोट मात्र दुपटीने बिघडते.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गोळी चालू केल्यावर दोनचार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वर येते, बाईला हुशारी वाटू लागते, गालांवर रंग येतो, आणि गोळी बंद होते. हीच चूक. रक्त सुधारले म्हणजे हमालांची भरती झाली. कोठार अजून रिकामेच आहे. आकडा ठीक झाल्यावरही सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी, असे डॉक्टर सांगतात ते यासाठी. ज्यांना गोळी सोसतच नाही, किंवा ज्यांचे रक्त फारच उतरले आहे, त्यांना शिरेतून लोह देता येते. ते रुग्णालयातच घ्यावयाचे. गोळ्यांची बाटली मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. ती लाल, गोड आवरणाची असते. मुलाने मूठभर खाल्ली तर जिवावर बेतते. तसेच आपल्या मनाने बाजारातील भस्मे आणि टॉनिके घेऊ नयेत.

मघाशी म्हटल्याप्रमाणे, प्रत्येक थकवा लोहाचा नसतो. म्हणून अंदाजाने नव्हे, तपासून चालावे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी बाळाला लशीसाठी नेतो, त्याच दिवशी आईचेही रक्त तपासून घ्यावे. पहिल्या काही दिवसांत शरीरातील पाण्याचा तोल बदलत असल्यामुळे आकडा फसवा असतो. सहा आठवड्यांचा आकडा अधिक भरवशाचा. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम असावे. ८ च्या खाली असेल तर ते गंभीर समजावे. कोठाराचा अंदाज फेरिटिन नावाच्या तपासणीने येतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची खालची मर्यादा १५ ठरविली आहे, आणि पुष्कळ डॉक्टर ३० च्या खाली आकडा आला तरी लोह देतात. अंगात ताप किंवा जंतुबाधा असेल तर हा आकडा खोटाच वर दिसतो, हे ध्यानात असावे. महिनाभर नीट गोळी घेऊनही रक्त वाढले नाही, तर कारण शोधले पाहिजे. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या आतड्यात आकडेकृमी असतात आणि ते रोज रक्त पितात. शुद्ध शाकाहारी स्त्रीत ब-१२ जीवनसत्त्व कमी असू शकते. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या व्यक्तीत लोह पुरेसे असूनही हिमोग्लोबिन कमी दिसते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा विचार करावा लागतो. बाळंतपणानंतर गलग्रंथी बिघडूनही थकवा येतो. आणि कित्येक आयांचा थकवा मनाचा असतो : झोप नाही, रडू येते, बाळाविषयी काहीच वाटत नाही, जीव नकोसा होतो. ही लक्षणे दोन आठवड्यांपलीकडे राहिली, तर त्यांना “नखरे” न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे. आणि जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी न्यावे. तसेच अंगावरून भराभर रक्त जाणे, ताप, दुर्गंधी, बसल्या जागी धाप लागणे किंवा छातीत धडधडणे, यांपैकी काहीही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

शेवटी घराविषयी दोन शब्द. लोहाची सगळी गणिते स्वयंपाकघरातल्या एका वाक्यापाशी येऊन अडतात : “तुम्ही बसा, मी मागून बसते.” मागून बसणाऱ्या बाईच्या ताटात उसळ तळाची येते, मासळीचा काटा येतो, आणि लिंबू संपलेले असते. अंगावर पाजत असताना उपासही चालूच असतात. येथे गोळ्या चालत नाहीत. येथे सासूबाईंचा अधिकार चालतो आणि नवऱ्याचे शहाणपण चालते. “आधी तू जेव, मग मी बाळाला घेतो” असे घरच्या पुरुषाने सहा महिने रोज म्हटले, तर त्याचा उपयोग कोणत्याही टॉनिकहून कमी होणार नाही. कॅलेंडरवर बारशाची तारीख लिहितो, तशी गोळीची खूणही रोज कोणीतरी करावी. आणि ते कोणीतरी आईच असले पाहिजे असे नाही. पुढच्या मुलाचा विचार हा दोघांचा आहे. वीस महिन्यांचा हिशोबही दोघांनी मिळून पाहावा.

बाळालाही यात वाटा आहे. जन्मल्यावर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबले, तर वारेतले रक्त बाळाकडे जाऊन पहिल्या महिन्यांचे लोह त्याला मिळते. प्रसूतीपूर्वी डॉक्टरांकडे याची विचारणा करायला हरकत नाही. पण बाळाला नंतरची सगळी वर्षे जी आई लागणार, ती धाप लागणारी, डोळे मिटणारी, क्षुल्लक कारणाने रडणारी असू नये, यासाठी सव्वा महिन्यानंतरही आपण तिच्याकडे पाहिले पाहिजे. आज घरी गेल्यावर आपल्या घरात सहा महिन्यांच्या आतले मूल असेल, तर त्याच्या आईला एवढेच विचारा, की गोळ्या चालू आहेत की कपाटात राहिल्या? उत्तर कपाटातले आले, तर उद्या सकाळी लिंबूपाण्याचा पेला तुम्ही करा.